वावर विकून टाईप रेटिंग? गुरुजी, जरा थांबा

प्रश्न: कॅप्टन साहेब, सप्रेम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. मुलगी २४ वर्षांची. बारावी लातूरला केली, नंतर कर्ज काढून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, केलं. २०८ तास झालेत, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे. दीड वर्ष झालं, नोकरी नाही. मध्यंतरी एका कार्गो कंपनीची फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे को-पायलटची, जाहिरात पाहिली. त्यात '७३७ एनजी रेटिंग आवश्यक, ऑन टाईप ५०० तास असल्यास प्राधान्य' असं होतं. हैदराबादचा एक एजंट म्हणतो, ७३७ सगळेच करतात, तुम्ही ७५७ चं रेटिंग करा, कार्गोवाल्यांना तेच लागतं, स्पर्धा कमी, २२ लाखांत परदेशात करून देतो. आमची साडेचार एकर आहे. विहिरीखालची दोन एकर विकली तर पैसे उभे राहतात. पाहुणे म्हणतात, मालाचं विमान म्हणजे हवेतला ट्रक, त्यात पोरीची जात आणि रात्रीची ड्यूटी. मुलगी काही बोलत नाही, नुसती खोलीत बसून असते. काय करावं?
– एक वडील (नाव छापू नये ही विनंती)

गुरुजी, नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारण एजंटने तुम्हाला पैसे भरायची तारीख दिली असणार आणि तुम्हाला रात्री झोप लागत नसणार. वावर विकू नका. ७५७ च्या टाईप रेटिंगसाठी, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायच्या पात्रतेसाठी, तर मुळीच विकू नका. आता कारणं सांगतो. ती लेकीलाही वाचायला द्या, कारण यातलं बरंच तिला कळतं, फक्त घरात बोलायचा धीर होत नसेल.

बोइंगने ७५७ बनवणं २००४ मध्ये थांबवलं. एकूण १,०५० विमानं झाली. विमान म्हणून ते फार गुणाचं आहे, त्याच्या इंजिनांची ताकद वैमानिकांना आजही आठवते. पण आपल्या देशात ७५७ मधून प्रवासी नेणारी एकही कंपनी नाही. मालासाठी ती ब्लू डार्टकडे आहेत, आणि ब्लू डार्टनेही अलीकडच्या काळात आपल्या ताफ्यात ७३७-८०० आणली आहेत. म्हणजे २२ लाख मोजून लेकीच्या हाती जी किल्ली येणार, ती देशात एकाच दाराला लागते. 'स्पर्धा कमी' हे एजंटचं बोलणं खरंच आहे. जागाच मोजक्या आहेत, मग स्पर्धा कुठून येणार?

तुम्ही गणिताचे असाल-नसाल, पण हा हिशोब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. एका मालवाहू विमानामागे साधारण चार-पाच जोड्या वैमानिक लागतात. सहा विमानं धरली तर पन्नास-साठ माणसं, आणि त्यातली निम्मी कॅप्टन. उरलेल्या पंचवीस-तीस खुर्च्यांवर आज कुणीतरी बसलेलं आहेच. खुर्ची रिकामी होते ती कुणी कॅप्टन झालं, कुणी कंपनी सोडली किंवा कुणी ६५ वर्षांचं झालं तर. दुसरीकडे एकट्या इंडिगोकडे ४०० हून जास्त विमानं आहेत. कार्गोचं जग आपल्याकडे किती लहान आहे, ते यावरून ध्यानात घ्या.

आता ताफा बदलतो म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगतो. जाहिरातीतल्या अटी त्यातूनच निघतात. मालवाहू कंपन्या बहुतेक वेळा नवं विमान घेत नाहीत. पंधरा-वीस वर्षं प्रवासी नेऊन झालेलं विमान घेतात, त्याच्या खिडक्या बुजवतात, बाजूला मोठा दरवाजा कापतात, फरशी मजबूत करतात आणि कॉकपिटच्या मागे जाड अडथळा बसवतात, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी माल वैमानिकांच्या पाठीवर येत नाही. जुनं विमान घेण्यामागेही हिशोब आहे. प्रवासी विमान दिवसाला दहा-बारा तास उडतं, मालाचं विमान रात्रीतून चार-पाच तास. इतकं कमी उडणाऱ्या विमानाला इंधन थोडं जास्त लागलं तरी चालतं, पण त्याची किंमत कमी हवी. काही वर्षांनी मात्र सुटे भाग मिळेनासे होतात आणि दुरुस्तीसाठी ते महिनोन्‌महिने हँगरमध्ये अडकतं. मग कंपनी पुढच्या जातीकडे वळते. दोन जाती सांभाळायच्या तर इंजिनिअर दुप्पट, सुटे भाग दुप्पट, सिम्युलेटरचे करार दुप्पट. म्हणून हा बदल फार काळ रेंगाळत नाही, एका झटक्यात होतो.

आत्ता बाजारात ७३७-८०० ची लाट आहे. प्रवासी कंपन्यांनी सोडलेली ही विमानं भरपूर मिळतात आणि बदल करून झाली की जवळपास २४ टन माल नेतात. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने आपल्याकडे विमानाने माल न्यायला सुरुवात केली ती क्विकजेटच्या ७३७-८०० मधूनच. इंडिगोने २०२२ मध्ये एअरबस ए३२१ ची मालवाहू आवृत्ती आणली, ती २७ टनांपर्यंत नेते. तुमच्या जाहिरातीतलं '७३७ एनजी' हे या लाटेतून आलेलं आहे. ७३७-८०० हे एनजी पिढीतलंच विमान.

ताफा बदलला की माणसांचं काय होतं, हे मी अंगावर घेतलेलं आहे. मी ज्या कंपनीत होतो तिने जुनी विमानं एका वर्षात काढून टाकली. त्या जातीवर आम्ही अकरा को-पायलट होतो. नव्या विमानाच्या ट्रेनिंगला सात जण पाठवले, सीनियॉरिटीने. यादीत माझा नंबर आठवा होता. नऊ महिने मी गावी, जाफराबाद तालुक्यात, घरी बसून होतो. लायसन्स होतं, तास होते, पण ज्या विमानाचे तास होते ते विमानच देशात उरलं नव्हतं. आई रोज विचारायची, आज काही कागद आला का. तुमची लेक खोलीत बसून असते असं तुम्ही लिहिलंय, ते वाचताना मला ती माजघरातली खाट आठवली.

आणि हे भारतातच होतं असं नाही. अमेरिकेतल्या फेडेक्स या कुरिअर कंपनीने आपली शेवटची ७२७ विमानं २०१३ मध्ये काढली. त्या विमानात दोन वैमानिकांच्या जोडीला फ्लाईट इंजिनिअर बसायचा. ७२७ गेलं आणि ती खुर्चीही गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलला यूपीएस या कुरिअर कंपनीचं एमडी-११ हे मालवाहू विमान कोसळलं, आणि त्यानंतर काही दिवसांत त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर बसवली गेली. ज्यांच्या लायसन्सवर फक्त एमडी-११ चालू होतं, त्यांचं काम रातोरात थांबलं. मोठ्या कंपनीत अशा माणसाला दुसऱ्या विमानावर पाठवतात, तोवर पगार चालू राहतो. स्वतःच्या खिशातून रेटिंग घेऊन दारात उभ्या असलेल्या नव्या लेकराला कोण पाठवणार?

आता त्या जाहिरातीकडे येऊ. त्यात दोन अटी आहेत आणि तुमच्या पत्रात त्या एकात एक मिसळल्या आहेत. 'रेटिंग आवश्यक' ही एक. 'ऑन टाईप ५०० तास असल्यास प्राधान्य' ही दुसरी. रेटिंग विकत मिळतं. तास विकत मिळत नाहीत. रेटिंग म्हणजे त्या जातीच्या विमानाचा वर्ग, सिम्युलेटर, परीक्षा, प्रत्यक्ष विमानात काही टेक-ऑफ आणि लँडिंग, आणि मग लायसन्सवर नोंद. ऑन टाईप तास म्हणजे ते विमान एखाद्या कंपनीत रोज उडवून वहीत जमा झालेले तास. ५०० तासांचा उमेदवार मिळाला तर कंपनी त्यालाच घेणार, कारण त्याला उभं करायला तिला कमी दिवस आणि कमी पैसे लागतात. देशात ७३७ आणि ए३२० चं रेटिंग घेऊन, ऑन टाईप शून्य तासांवर बसलेली मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या आईवडिलांनीही कुठलं ना कुठलं वावर विकलेलं आहे.

शिवाय रेटिंग ठेवून दिलं तर गंजतं. गेल्या काही महिन्यांत उडवलं नसेल तर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चाचणी, आणि त्याचे पैसे वेगळे. जाहिरातीत 'करंट' हा शब्द असतो तो यासाठी. त्या एका शब्दावर कितीतरी अर्ज बाजूला पडतात.

बाकीच्या अटी पटकन सांगतो. को-पायलटला सीपीएल पुरतं, कॅप्टनसाठी एटीपीएल, म्हणजे एअरलाईन वैमानिकाचं वरचं लायसन्स, लागतं आणि त्याला १,५०० तास. क्लास वन मेडिकल चालू हवं, विमानाच्या रेडिओवर बोलायचं आरटीआर लायसन्स हवं, इंग्रजीची पातळी किमान चार हवी. परदेशी कार्गो कंपन्यांच्या जाहिराती मोबाईलवर दिसतात, त्या पाहून लेकीने जीव टांगणीला लावू नये. अमेरिकेत २०१३ पासून एअरलाईनच्या को-पायलटलाही एटीपीचं लायसन्स लागतं, म्हणजे सर्वसाधारणपणे १,५०० तास, आणि तिथं काम करायचा कायदेशीर हक्कही हवा. तिथल्या मुलांना एक शिडी आहे: छोटं सेसना कॅराव्हॅन, मग एटीआर, मग मोठं जेट, आणि सगळीकडे माल. आपल्याकडे ही शिडी उभीच राहिली नाही. कॅप्टन गोपीनाथांनी नागपूरला केंद्र करून डेक्कन ३६० ही कार्गो कंपनी सुरू केली तेव्हा आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना वाटलं होतं, आता आपल्या शेजारून रात्रीची विमानं सुटतील. ती दोनेक वर्षांत बंद पडली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

मग रेटिंग करायचंच नाही का? करायचं, पण क्रम बदलून. आधी कंपनीचं पत्र, मग रेटिंग. काही कंपन्या रेटिंग नसलेल्या सीपीएलधारकांची परीक्षा घेतात, निवड करतात आणि मग ट्रेनिंगला पाठवतात. कधी खर्च कंपनीचा आणि बाँड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) तुमचा, कधी खर्च तुमचा पण नोकरीचं पत्र आधी हातात. दुसऱ्या प्रकारात पैसे घालायची वेळ आली तर निदान कशासाठी घालतोय ते माहीत असतं. बाँड असेल तर तो तुम्ही स्वतः वाचा. शिक्षक माणूस आहात, ओळ न्‌ ओळ वाचाल. किती वर्षांचा आहे, मध्येच सोडलं तर रक्कम वर्षागणिक कमी होते का, आणि माझा आवडता प्रश्न: कंपनीने ताफा बदलला किंवा विमानं परत केली तर बाँडचं काय? या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळालं नाही तर सही करू नका.

आणि पत्र येण्याआधीच रेटिंग करण्याची वेळ कधी आलीच, तर त्या विमानाचं करावं जे माल आणि माणसं दोन्ही नेतं. ए३२०, ए३२१ हे एकाच कुटुंबातले, रेटिंग एकच. त्यावर इंडिगो, एअर इंडिया, आणि ए३२१ चा कार्गोही येतो. ७३७ वर एअर इंडिया एक्स्प्रेस, स्पाइसजेट आणि ७३७-८०० चालवणाऱ्या कार्गो कंपन्या. अकासाकडे ७३७ मॅक्स आहेत, एनजीवरून मॅक्सवर जायला थोडं फरकाचं ट्रेनिंग लागतं. कार्गोचं एक दार बंद झालं तरी प्रवाशांचं उघडं राहतं, अशी जात निवडायची. पण तेही कर्जाच्या हप्त्यावर दुसरा हप्ता चढवून नको.

तोवर लेकीने काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. तुम्ही तो पत्रात विचारला नाही, पण शेवटच्या वाक्यात तो आहे. दीड वर्ष न उडता बसणं हे वैमानिकाला पैशाच्या चणचणीपेक्षा वाईट. हात विसरतात, आणि इंटरव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येतो, शेवटचं कधी उडलीस? माझं मत स्पष्ट आहे: तिने इन्स्ट्रक्टर व्हावं. असिस्टंट फ्लाईट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग जेटच्या रेटिंगपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर इथं फ्लाईंग स्कूल आहेत आणि शिकवणारे त्यांना सतत लागतात. पगार सुरुवातीला थोडा, पण रोज उडणं, वहीत तास, आणि शिकवल्याने स्वतःचं पक्कं होणं. शिकवल्याने काय होतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको, गुरुजी. शिक्षकाच्या घरातलं लेकरू आहे, तिला ते जमेल असं मला मनापासून वाटतं. दोनशेचे सातशे-आठशे तास झाले की तिच्या अर्जाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील. हे तास ऑन टाईप नाहीत हे खरं, पण लिहून दिलेली अट आणि समोर बसलेला माणूस यात कंपनी कधीकधी माणूस निवडते, आणि माणूस तासांनी घडतो.

कार्गोतच जायची ओढ असेल तर फ्लाईट डिस्पॅचरचं कामही वाईट नाही. मार्ग, हवामान, इंधन, वजन यांचं नियोजन करणारा हा माणूस. कंपनी आतून दिसते, ताफा कुठे चाललाय ते वर्तमानपत्राआधी कळतं. पण हात उडण्यावर राहात नाही, म्हणून मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

पाहुण्यांच्या बोलण्याबद्दल. ट्रक म्हणोत बापडे. कार्गोचं लायसन्स वेगळं नसतं. तेच सीपीएल, तीच वैद्यकीय तपासणी, तीच सिम्युलेटरची चाचणी. उलट मालाचं विमान भरताना वजन कुठे किती बसलंय याची काळजी जास्त, कारण माल प्रवाशासारखा स्वतःहून सीटवर बसत नाही आणि बांधणी ढिली राहिली तर सरकतो. लिथियम बॅटऱ्या, रसायनं, औषधं, कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, सगळं येतं, आणि धोकादायक मालाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. आगीची भीती खरी आहे, ती मी लपवणार नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएसचं ७४७ मालातल्या आगीने पडलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यानंतर अशा बॅटऱ्यांच्या वाहतुकीचे नियम बरेच कडक झाले.

रात्रीचं म्हणाल तर हो, कार्गो रात्रीचाच. संध्याकाळी शहरातला माल गोळा होतो आणि सकाळी तो दुसऱ्या शहरात वाटायला लागतो, मध्ये उरते ती रात्र. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, आणि ते मुलगा-मुलगी बघत नाही. मी बावीस वर्षं रात्री उडालो. दिवसा जाड पडदे लावून झोपायची शिस्त ज्याला जमते तो टिकतो. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, हे फार चांगलं झालं. आणि पोरीची जात म्हणाल, तर भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या मुलींनी पावसाळ्यात, वाऱ्यात, पहाटे चारला विमान असं उतरवलंय की मागच्या पॅलेटवरचं खोकंही हललं नाही. पाहुण्यांना एवढं सांगा आणि विषय बदला.

एजंटचं काय करायचं? त्याला तीन कागद मागा. ज्या ट्रेनिंग संस्थेत पाठवणार तिला डीजीसीएची मान्यता असल्याचं पत्र, एकूण खर्चात प्रत्यक्ष विमानातलं ट्रेनिंग धरलंय की फक्त सिम्युलेटर हे लेखी, आणि कोणती कंपनी नोकरी देणार तिचं तिच्या लेटरहेडवरचं पत्र. तिसरा कागद येणार नाही. पहिला हप्ता भरला असेल तर पावती जपून ठेवा आणि परताव्याची मागणी आजच लेखी करा, फोनवर नको.

विहिरीखालची दोन एकर राहू द्या. लोअर दुधनाचं पाणी येतं-जातं, पण विहिरीखालचं रान गेलं तर परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. तिच्या शिक्षणाचा हप्ता जड जात असेल तर बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. नोकरी नसताना ते करून मिळू शकतं. त्यासाठी तिचे फ्लाईंग स्कूलचे कागद आणि नोकरीच्या अर्जांच्या प्रती घेऊन जा, तोंडी बोलण्याने काम होत नाही.

आज शाळेतून घरी गेल्यावर लेकीला रेटिंगचं काही विचारू नका. तिचं क्लास वन मेडिकल कोणत्या तारखेला संपतंय आणि शेवटची उड्डाणाची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढं विचारा, आणि दोन्ही तारखा मला कळवा. मेडिकल संपायला दोन महिन्यांहून कमी असतील तर आधी त्याची वेळ घ्या. मग बारामतीला आणि गोंदियाला कुणाशी बोलायचं ते मी तिला सांगतो. फोन तिनेच करायचा, तुम्ही नाही.